सोयीचं स्मरण? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमधल्या फ्रेडरिक डग्लसच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून पुढे तिच्याविरुद्ध बोलत-लिहीत राहिलेल्या काळ्या पुढाऱ्याच्या, पुतळ्यावर मी लिहिलं, त्यावरची तुमची सणसणीत प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं : भारत लुटणाऱ्या ब्रिटनचे त्याने गोडवे गायले, आयर्लंडमध्ये बटाटा कुजत असताना तो गप्प बसला, आणि स्वतःच्या सुटकेसाठी मालकाला पैसे मोजू देऊन मालकाचा हक्कच मान्य केला. असल्या माणसाचा पुतळा म्हणजे सोयीचं स्मरण, आणि मराठी वाचकाला त्याचं काय?

आधी पैशांचं बघू, कारण तिथे तुम्ही फारच घाईने निकाल दिलात. १८४५ साली बोस्टनला डग्लसचं आत्मचरित्र आलं. त्यात मालकाच्या नावागावासकट सगळं छापलेलं. पळून आलेल्या गुलामाने स्वतःचाच पत्ता जाहीर करावा, तसा हा प्रकार. पकडून नेण्याची भीती खरी होती, म्हणून ऑगस्टमध्ये तो 'कॅम्ब्रिया' बोटीने लिव्हरपूलला निघाला, आणि आयर्लंड-ब्रिटनमध्ये त्याचा गुलामगिरीविरोधी सभांचा दौरा सुरू झाला. बायको ॲना मागे अमेरिकेत लिन गावात बुटांची शिलाई करून घर चालवत होती. ब्रिटनमध्ये तो आरामात राहू शकला असता. तसे आग्रहही झाले. पण घर तिकडे, काम तिकडे, आणि तिकडे पाऊल टाकलं की कायद्याने तो मालक ह्यू ऑल्डची मालमत्ता.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रिचर्डसन घराण्यातल्या एलन आणि ॲना या क्वेकर (एका शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) नणंद-भावजयींनी पुढाकार घेऊन पैसे जमवले. १५० पौंड, अमेरिकेत त्याचे ७११ डॉलर ६६ सेंट झाले. डिसेंबर १८४६ मध्ये मुक्ततेचे कागद झाले. तुमचा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. हेन्री राइट या त्याच्याच सहकाऱ्याने पत्र लिहून सांगितलं, हा व्यवहार नाकार. डग्लसने मँचेस्टरहून सविस्तर उत्तर धाडलं. त्याचा रोख असा, की लुटारूला पैसे देऊन जीव सोडवणारा लुटीला मान्यता देत नसतो. मला हे पटतं. तत्त्वाची शुद्धता जपा, हा सल्ला देणाऱ्याच्या मानेवर कोणाची मालकी नव्हती, हेही विसरू नये.

आयर्लंडबद्दल मात्र तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त 'गप्प बसला' हे खरं नाही. पुढच्या भीषण दुष्काळाला कारण झालेला बटाट्यावरचा रोग तिथे १८४५ च्या सप्टेंबरात दिसला आणि जानेवारीत डग्लस स्कॉटलंडला गेला. मृत्यूचं थैमान त्यानंतरचं. पण जे दिसलं त्यावर त्याने फेब्रुवारी १८४६ मध्ये स्कॉटलंडमधल्या माँट्रोजहून गॅरिसनला, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीच्या गोऱ्या पुढाऱ्याला, लांबलचक पत्र लिहिलं. मातीच्या भिंतींची झोपडी, गवतावर चिंध्या टाकलेलं अंथरूण, भिंतीला चिकटवलेलं क्रुसावरच्या येशूचं चित्र. हे पाहून आपली जुनी स्थिती आठवली असं तो म्हणतो. आणि मग या दैन्याचं मुख्य कारण बहुधा दारू, असं ठरवून मोकळा होतो! जमीनदारी, इंग्रजी सत्ता बाजूलाच. इथे त्याची नजर तोकडी पडली. पुतळ्यापाशी हेही सांगितलं जावं, या मताचा मी आहे.

पण गोडवे? स्कॉटलंडच्या 'फ्री चर्च' या ख्रिस्ती धर्मसंस्थेने अमेरिकेतल्या गुलाममालकांकडून सुमारे ३,००० पौंड देणगी घेतली होती. 'पैसे परत पाठवा' म्हणत डग्लसने गावोगाव सभा गाजवल्या, भल्याभल्या धर्मोपदेशकांना त्यांच्याच अंगणात धारेवर धरलं. पाहुणा म्हणून मिंधेपणा पत्करणारा माणूस हे करत नाही. चर्चने पैसे परत केले नाहीत ते नाहीतच. सोयीचं स्मरण म्हणायचंच, तर हा भाग गाळून फक्त टाळ्यांच्या आठवणी काढणाऱ्यांना म्हणा.

१८४७ च्या वसंतात तो त्याच 'कॅम्ब्रिया'ने परतला. तिकीट काढूनही त्याला इतर प्रवाशांत मिसळू दिलं नाही, हा इंग्रजी बोटीवरचा अनुभव. ब्रिटिश मित्रांनी जमवलेल्या पैशांतून त्याच वर्षअखेरीस अमेरिकेतल्या रॉचेस्टरला 'नॉर्थ स्टार' हे स्वतःचं वृत्तपत्र सुरू झालं. गॅरिसनला ते रुचलं नाही, पण काळ्या माणसाच्या हाती आता स्वतःचा छापखाना होता. या दौऱ्याचं खरं फलित मी ते मानतो, पुतळा नव्हे.

राहिला मराठी वाचक. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, आणि आपले देशबांधव त्यांचा कित्ता घेतील अशी आशा तिथेच लिहून ठेवली. त्या लोकांत डग्लस येतो. तेव्हा त्याचं आपल्याला काय, हा प्रश्न मला विचारण्याआधी ती अर्पणपत्रिका एकदा काढून वाचा, आणि मग भांडायला पुन्हा जरूर या.