सँटानाला काढायला हवं होतं म्हणे!

आज लंचला ऑफिसमधला एकजण अगदी थंडपणे म्हणाला, २०१२ च्या त्या रात्री न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल टीमच्या सँटानाला, त्यांच्या पिचरला म्हणजे बॉलरला, नऊपैकी सातव्या इनिंगनंतर बसवलं असतं तर त्याचं करिअर वाचलं असतं, मॅनेजरने म्हणजे टीमच्या कोचने वाट लावली. तेव्हापासून डोकं फिरलंय.

१ जून २०१२, मेट्सचं मैदान सिटी फील्ड, समोर सेंट लुईसची टीम. मेट्स १९६२ पासून खेळताहेत, आठ हजारावर मॅचेस झाल्या आणि एकाही मेट्स पिचरने नो-हिटर टाकला नव्हता, म्हणजे समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट, फटका मारून बेस गाठणं, न देणं. सीव्हर, रायन, गुडन, कोन या मेट्सच्या मोठमोठ्या पिचर्सनी सगळ्यांनी टाकले, पण मेट्स सोडून गेल्यावर! आणि इथे जोहान सँटाना, खांद्याचं ऑपरेशन झालेला, आधीचा अख्खा २०११ चा सीझन घरी बसलेला.

तेव्हा बाबा साताऱ्याहून आमच्याकडे आलेले. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांना, पण आयुष्यभर क्लबची बॉलिंग केलेली. जेवता जेवता टीव्हीकडे बघून म्हणाले, "अगं हा एवढा चांगला टाकतोय, मग याच्याशी कोणी बोलत का नाही?" मी म्हटलं बाबा, नो-हिटर चालू असताना डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बाकावर, पिचरजवळ कोणी जात नाही, तो शब्दसुद्धा काढत नाहीत. लगेच कळलं त्यांना! आपल्याकडे पार्टनरशिप जमली की पॅव्हेलियनमध्ये कोणी जागा सोडत नाही तसंच. मग आमच्या घरातही कोणी हललं नाही, भाजी तशीच ताटात.

सहाव्या इनिंगमध्ये सेंट लुईसच्या बेल्ट्रानचा फटका लाइनला लागला होता, अंपायरने फाउल म्हणजे लाइनबाहेर दिला, हो, तो हिटच होता, मान्य. पण सातव्यात मेट्सच्या माइक बॅक्स्टरने मोलिनाचा तो कॅच भिंतीवर आदळून घेतला, स्वतः जखमी होऊन बाहेर गेला, त्याचं काय? तो कोणासाठी आदळला?

मॅनेजर कॉलिन्सने ११५ पिचेसची, म्हणजे टाकायच्या बॉल्सची, मर्यादा ठरवली होती. सँटाना १३४ पर्यंत गेला. आठवी संपली तेव्हा मी बाबांना सांगितलं की आता कदाचित काढतील, खांदा जपायला. बाबा जे चिडले! "त्याला विचारलं का कोणी?" एवढंच म्हणाले आणि पुढे सरकून बसले. शेवटचा बॅटर फ्रीझ स्ट्राइकआउट होऊन नो-हिटर पूर्ण झाला तेव्हा बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते, ज्या खेळाचे नियम माहीत नाहीत त्याच्यासाठी.

आणि हो, पुढे खांदा गेला. २०१३ मध्ये परत ऑपरेशन, मेजर लीगमध्ये तो परत कधी दिसला नाही. वाईट वाटतं, खूप वाटतं. त्या रात्रीमुळेच गेला का, हे छातीठोक सांगणारे लोक मला आवडत नाहीत. २०२२ मध्ये डॉजर्सचा पिचर कर्शॉ, त्याला ८० पिचेसवर, सात परफेक्ट इनिंग्ज (एकही बॅटर बेसवर नाही) झाल्यावर काढलं, तो स्वतःच म्हणाला निर्णय बरोबर होता. मग ठीक आहे ना, तो त्याचा खांदा! सँटानाला पूर्ण करायचं होतं.

कॉलिन्स जिंकल्यावरही रडवेला झाला होता, त्याला माहीत होतं आपण काय पणाला लावतोय. त्याला शिव्या देणाऱ्यांनी एवढंच सांगावं, नववी सुरू होताना माउंडवर, पिचरच्या जागेवर, जाऊन त्या माणसाच्या हातातून बॉल घेतला असता तुम्ही? मी नसता घेतला.