ऑगस्टात ऱ्होड्सला जाणाऱ्यांना साष्टांग नमस्कार

"निळे घुमट कुठे आहेत गं?" नणंदेचा मेसेज. आम्हाला ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर उतरून तीन तासही झाले नव्हते. अगं बाई, ते सँटोरिनी! ग्रीसमध्ये वस्ती असलेली दोनशेच्या वर बेटं आहेत आणि सगळ्यांनी डोक्यावर निळी टोपी घातलेली नाही. पण जाऊ दे, तिच्यावर नाहीच माझा राग.

माझा राग कॅलेंडरवर आहे. पोराची जर्मनीतली शाळा, सासूसासऱ्यांचा व्हिसा आणि नवऱ्याची रजा ह्या तिघांचा योग जुळला तो नेमका ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याच आठवड्यात अख्खा ग्रीस सुट्टीवर, कारण 15 ऑगस्टला येशूच्या आईचा, मरियमचा मोठा सण. हे नवऱ्याला माहीत होतं. "मला वाटलं तुला माहितीये." बरं.

चारच रात्री, दोन खोल्या. काउंटरवर कळलं की बुकिंगच्या पैशांशिवाय सरकारी कर वेगळा, चार तारांकित हॉटेलात खोलीमागे रात्रीला 10 युरो. म्हणजे 80 युरो नुसतं झोपायचे. कराचं नाव हवामानाशी जोडलेलं, आणि आमच्या खोलीतला एसी नुसता घुरघुरत होता.

पहिल्या दिवशी जुनं शहर. तटबंदी बघून सासऱ्यांचे डोळे लकाकले. साताऱ्याचा माणूस, अजिंक्यतारा रोज सकाळी पायाखाली घालणारा. खंदकात उतरून, "ह्यात पाणी कधीच नव्हतं, कोरडाच ठेवलाय, बघ," असं नातवाला समजावत होते. त्यांचं सुख तिथवर. आत शिरलो आणि माणसांचा लोंढा अंगावर आला. त्या दिवशी बंदरात एकदम तीन जहाजं लागलेली. इमारतीएवढी, खरंच. त्यातून हजारोंनी माणसं उतरलेली, प्रत्येक टोळीच्या पुढे नंबराची पाटी उंच धरलेला एकजण. तुर्की सुलतान सुलेमानाला हे शहर घ्यायला 1522 साली सहा महिने लागले होते. क्रूझवाले सकाळी नऊला घेतात आणि संध्याकाळी पाचला सोडून देतात, रोज. आणि त्या आठ तासांसाठी दुकानंही कशी? मॅग्नेट, चपला, मॅग्नेट, आइस्क्रीम, मॅग्नेट. दारातून हाका: "नमस्ते! इंडिया? शाहरुख खान!" अहो, मला लेकराला टॉयलेटला न्यायचंय, बाजूला व्हा.

ग्रँड मास्टरच्या (सुलतानाआधी इथे राज्य करणाऱ्या ख्रिस्ती सरदारांचा हा प्रमुख) राजवाड्यात तासभर रांगेत उभं राहून आत गेलो. तिथे सासऱ्यांनी माहितीचा फलक मन लावून वाचला आणि म्हणाले, "मूळचा वाडा 1856 साली दारूगोळ्याच्या स्फोटात उडाला. हा इटालियनांनी नव्यानं बांधलाय, 1940 पर्यंत. म्हणजे माझ्यापेक्षा दहाच वर्षांनी मोठा." तासभर. रांगेत. उन्हात.

मग पुतळा. "तो मोठा पुतळा कुठंय?" कोलोसस हो, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. सासऱ्यांना वाटलं, बंदराच्या तोंडाशी पाय फाकवून उभा असेल. तिथे दोन खांबांवर दोन हरणं आहेत. पुतळा जेमतेम 54 वर्षं उभा होता आणि इसवीसनापूर्वी 226 च्या भूकंपात गुडघ्यातून मोडला, हे मी सांगितलं. त्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्याचेही गुडघेच का?"

गुडघ्यांचं खरं महाभारत दुसऱ्या दिवशी लिंडोसला. बसमध्ये तासाहून जास्त उभ्यानं प्रवास, पोहोचलो अकरा वाजता, आणि अकराला त्या दिवशीच्या जहाजांच्या बसेसही पोहोचलेल्या. वर अथेना देवीचं देऊळ, खाली पांढरं गाव, मधे एकच अरुंद गल्ली. तिच्यात चढणारी माणसं, उतरणारी माणसं, चढणारी गाढवं, उतरणारी गाढवं. पायाखाली बारीक गोटे उभे रोवलेले, लाखो तळव्यांनी घासून घासून तेलकट झालेले. ऐन मधे एक बाई थांबली. का? स्वतःचा व्हिडिओ. पहिला घेतला, बघितला, आवडला नाही, दुसरा घेतला. मागे आम्ही तीस-चाळीस जण आणि एक गाढव. गाढव सगळ्यांत सभ्य होतं.

सासूबाई तिथेच एका लेस विकणाऱ्या आजीच्या पायरीवर बसल्या. "तुम्ही जा, मी बसते." सासरे वर जाऊन, खडकात कोरलेलं प्राचीन जहाज बघून, घामही न पुसता खाली आले. ह्या दोघी तोवर भाषेवाचून टेबलक्लॉथचा भाव करत होत्या. नवरा मला म्हणतो, "बघ, आई एन्जॉय करतेय." मी काही बोलले नाही. गर्दी होती.

समुद्राचं सांगायलाच नको. ग्रीसच्या कायद्यानं किनाऱ्याचा निदान अर्धा भाग खाटा-छत्र्यांपासून मोकळा हवा. आमच्या हॉटेलखालचा मोकळा अर्धा भाग म्हणजे खडक. वाळूवर खाटा, आणि सकाळी सातला प्रत्येकीवर टॉवेल. माणूस नाही, नुसता टॉवेल. अकरापर्यंत टॉवेलच ऊन खात पडलेले.

आणि हे सगळं श्रावणात! सासूबाईंचा चातुर्मास, कांदा-लसूण-वांगं बंद. ग्रीसमध्ये कांदा-लसूण-वांगं वगळलं तर उरतं काय? टोमॅटो भरलेले, त्यात कांदा. वाल शिजवलेले, त्यात कांदा. एक मात्र कबूल करते, वेटरला 'उपवास' चटकन कळला. त्यांच्याकडेही 15 ऑगस्टच्या आधी पंधरवडाभर मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात, त्यासाठीचं जेवण वेगळं मिळतं. त्याची आजी पाळते म्हणाला. सासूबाई खूश. त्या दिवशी सोमवार, म्हणून त्यांच्यापुढे उकडलेले बटाटे, मीठ आणि लिंबू. बस.

बिल आलं. पावाचे माणशी दीड युरो. आम्ही मागितला नव्हता, आपोआप टेबलावर आला होता. पाच माणसं, पाचांचे पैसे. उपवासाच्या बाईकडूनसुद्धा! मी वाद घालायला उठले तेवढ्यात सासूबाईंनी टोपलीतला उरलेला पाव शांतपणे टिश्यूत बांधला. "पैसे दिलेत ना? मग आपलाच." वेशीपाशी मांजरांचा घोळका बसलेला असतो, तिथे जाऊन त्यांनी तो तुकडे करून टाकला. मांजरांनी वास घेतला आणि शेजारच्या हॉटेलातल्या माशांकडे निघून गेली.