तेवीस अंगठे

आज सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी जुनीच बातमी पुन्हा टाकली. कॅलिफोर्नियात राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या प्रौढांसाठी मेडी-कॅलची, म्हणजे राज्याच्या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेची, नवी नोंदणी 1 जानेवारी 2026 पासून बंद. खाली अंगठे. मोजले मी, तेवीस. आणि एका काकांची कॉमेंट, "आता तरी आमच्या टॅक्सवरची ऐश थांबेल."

काका, तुमच्या सासूबाईंचा गुडघा कुणाच्या टॅक्सवर बदलला हो?

सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. ग्रीन कार्डवर आणलेल्या आईवडिलांना पहिली पाच वर्षं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा केंद्राचा आरोग्य विमा, नाही. 1996 च्या कायद्यामुळे केंद्राच्या पैशातलं गरिबांसाठीचं मेडिकेडही नाही. मग ते जातात कुठे? मेडी-कॅलमध्ये, आणि तो खर्च राज्य स्वतःच्या तिजोरीतून करतं. नागरिक तेही नाहीतच की!

माझी आईसुद्धा त्यातलीच. मागच्या वर्षी तिचा मोतीबिंदू काढला, आम्हाला एक डॉलर पडला नाही. तिला आणताना 'मी सांभाळीन' म्हणून कागदावर सही मीच केली होती. म्हणजे लाज वाटायचीच असेल तर आधी मला वाटायला हवी.

डोळ्यात थेंब मात्र मी घातले नाहीत. मी ऑफिसात. आईला सांभाळायला ग्वाटेमालाची एक बाई येते, ती घालायची, दिवसातून चारदा. आई म्हणणार "अगं हळू गं", ती स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटणार, दोघींचं छान चालायचं. डोळा उघडल्यावर आईनं पहिलं काय पाहिलं असेल, तर ही बाई फरशी पुसताना एक पाय टेकवत नाही. पायाच्या अंगठ्याला पेपर टॉवेल गुंडाळलेला, वरून खोक्याला लावायची ब्राऊन टेप. आई म्हणाली, "हिची शुगर बघा. आमच्या दादांचं असंच सुरू झालं होतं."

जानेवारी 2024 मध्ये कागदपत्रं नसलेल्या 26 ते 49 वयाच्यांनाही मेडी-कॅलचं दार उघडलं, तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, नाव घाल. तीनदा सांगितलं. नको म्हणाली, पत्ता दिला की न्यायला येतात. मी हसले होते. जून 2025 मध्ये केंद्रानं मेडी-कॅलवाल्यांची माहिती खरोखरच होमलँड सिक्युरिटीला, म्हणजे लोकांना पकडून परत पाठवणाऱ्या खात्याला, दिली आणि राज्याला कोर्टात जावं लागलं. शहाणी ती निघाली. आणि आता दारच बंद.

राज्याच्या बजेटमध्ये तूट होती, मान्य. 12 अब्ज डॉलरची. खर्चही अंदाजाबाहेर गेला, तेही मान्य. पण बंद काय केलं बघा. इमर्जन्सी तशीच आहे. उद्या तिचा पाय सडला तर इस्पितळ तिला परत पाठवू शकत नाही, 1986 पासून कायदाच आहे, आणि ते बिल सरकारच भरेल. म्हणजे अंगठा कापायला पैसे आहेत, शुगर तपासायला नाहीत. याला कोण काटकसर म्हणतं? आपल्या आज्यांनी असा संसार केला असता तर आपण जन्मालाच आलो नसतो.

आणि 'आमचा टॅक्स' म्हणजे काय? पूर्वी ती हॉटेलात होती तेव्हा तिच्या पगारातून मेडिकेअरचे 1.45 टक्के कापले जायचे, तुमच्याइतकेच. ते तिला कधीच मिळणार नाहीत. (मी तिला रोख देते. हो, तेही लिहूनच टाकते.)

मुंबईत होतो तेव्हाही हेच ऐकायचो, केईएमच्या ओपीडी बाहेरच्यांनी भरल्या म्हणून. आता आपणच बाहेरचे, तरी वाक्य तेच!

काका वाईट नाहीत. लॉकडाऊनमध्ये आमच्या दारात डाळ-तांदूळ ठेवून गेले होते. म्हणून तर जास्त चिडचिड होते.

असो. कम्युनिटी क्लिनिक असतं, तिथे घेऊन जा, असं ग्रुपमधल्या दोघींनी पर्सनलवर कळवलंय. नेतेय, शनिवारी. एवढ्यावर तिचं भागेल असं मला वाटत नाही, पण नेतेय. आई म्हणते मीही येते, आता मला स्वच्छ दिसतं, फॉर्म मी वाचते. फॉर्म इंग्रजी नाहीतर स्पॅनिश. आईला दोन्ही येत नाही.