पनीर, शेझवान चटणी आणि मिरपूड म्हणजे मापो टोफू नव्हे

‘मापो टोफू घरच्या घरी, पाच मिनिटांत’ असा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. मापो टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या मऊ टोफूचा तिखट चिनी पदार्थ. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: टोफू मिळत नसेल तर पनीर घ्या. टोफू असेल तर आधी तळा, नाहीतर फुटतो. बाटलीतली शेझवान चटणी घाला, वरून मिरपूड, शेवटी कॉर्नफ्लॉवर. खिमा घालू नका, कारण टोफू मुळात शाकाहाऱ्यांसाठीच आहे. चव अगदी तीच येते. मी हा पदार्थ बरीच वर्षं घरी करते, आणि हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आधी खिम्याचं. हा पदार्थ चीनच्या सिच्वान प्रांतातल्या चेंगडू शहराचा. तिथे वानफू पुलाजवळ चेन कुटुंबाची खानावळ होती, ती 1862 सालची असं सांगतात. मालकिणीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, म्हणून नाव ‘मापो’, म्हणजे व्रण असलेली म्हातारी. तिच्या टोफूत गोमांसाचा खिमा असायचा. चीनमध्ये टोफू हा मांसाला पर्याय नाही, दोन्ही एकाच कढईत सुखाने नांदतात. 400 ग्रॅम टोफूला 100 ग्रॅम खिमा पुरतो. मटणाचा चालतो, फक्त पाणी आटून दाणा मोकळा आणि कुरकुरीत होईपर्यंत परतायला हवा. शाकाहारी असाल तर मशरूम बारीक चिरून तसेच परता, छान लागतात. पण मूळ पदार्थच शाकाहारी होता, असं सांगू नका.

पनीर घट्ट राहतं, दाताखाली येतं. मापो टोफूचा टोफू चमच्याने उचलताना थरथरला पाहिजे. तळला तर त्याला साल येते आणि नेमका हाच मऊपणा जातो. फुटू नये म्हणून उपाय सोपा आहे: तुकडे मीठ घातलेल्या, उकळीच्या जरा खालच्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवायचे. कढईत गेल्यावर ढवळायचं नाही, उलथन्याच्या पाठीने हलकेच पुढे ढकलायचं.

शेझवान चटणीवर माझा खरा आक्षेप आहे. ती आपल्याकडच्या चायनीजची: सुक्या मिरच्या, लसूण, व्हिनेगर. मला ती आवडते, पण तिच्यात मुरलेपणा नाही. मापो टोफूचा जीव दोबानज्यांगमध्ये आहे. मोठ्या शेंगेच्या बाकल्याचे दाणे, मिरची आणि मीठ एकत्र आंबवून ती करतात. चेंगडूजवळच्या पीश्येनची सर्वांत नावाजलेली, आणि चांगली असेल तर वर्षाहून जास्त मुरवलेली. मंद आचेवर भरपूर तेलात दोन मोठे चमचे परतली की तेल लालभडक होतं, आपल्या रश्शाला तर्री येते तसं. परतण्याआधीच पाणी घातलं तर हा रंगही येत नाही, वासही नाही. मीठ मात्र चाखूनच घाला, दोबानज्यांग आधीच खारट असते.

आता मिरपूड. मिरी तिखट असते. मापो टोफूत मात्र मिरी नव्हे, तर सिच्वानचा ह्वाज्याव नावाचा मसाला लागतो; ती जीभ बधिर करते, झिणझिण्या आणते. 2013 साली लंडनमधल्या संशोधकांनी ती लोकांच्या ओठांना लावून पाहिली, तेव्हा सेकंदाला सुमारे 50 वेळा थरथर होत असल्यासारखं त्यांना जाणवलं. ही स्पर्शाची जाणीव आहे, मिरीतून ती येणारच नाही. बदली हवीच असेल तर मिरीपेक्षा जवळची वस्तू कोकणात आणि गोव्यात आहे: तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात घालतो तेच. ह्वाज्याव आणि तिरफळ एकाच कुळातली, आणि दोन्हींचं काळं बी टाकून टरफलच वापरायचं. तिरफळाचा वास वेगळा आणि जास्त उग्र आहे, म्हणून अगदी चिमूटभरापासून सुरुवात करा.

कॉर्नफ्लॉवरचं मात्र त्या मजकुरात बरोबर आहे. फक्त ते पाण्यात कालवून तीनदा थोडंथोडं घाला, म्हणजे रस तुकड्यांना धरून राहतो. मग हिरव्या लसणाची पात, भाजून कुटलेली ह्वाज्याव, आणि गॅस बंद. चटका बसेल इतका गरम असणं हा चेंगडूत या पदार्थाचा गुणच मानतात. त्यामुळे मी भात आधी वाढते आणि सगळे ताटावर बसले की मगच शेवटचं कॉर्नफ्लॉवर घालते.