वाटा कुणाला किती, हे एकट्या अर्थशास्त्र्याला कळणार नाही

केंद्राच्या करातला किती हिस्सा कोणत्या राज्याला, हे सुचवणाऱ्या वित्त आयोगावर बोलायचं म्हटलं की सगळे एकच तक्ता उघडतात. पंधराव्या आयोगाने (२०२१-२६) राज्यांसाठी करातला ४१ टक्के हिस्सा ठेवला, त्यातले महाराष्ट्राला ६.३१७ टक्के, अन्याय झाला की नाही, यावर वाद सुरू. पण हा आकडा ज्या निकषांतून निघाला, ते एका विषयाचे नाहीतच. उत्पन्नातलं अंतर (म्हणजे श्रीमंत राज्यांच्या तुलनेत राज्य किती मागे) ४५ टक्के, लोकसंख्या १५, क्षेत्रफळ १५, लोकसंख्या-नियंत्रण १२.५, वनं १०, करवसुली २.५.

वनांचंच बघा. इथे धरलं ते दाट जंगल, म्हणजे उपग्रहाला वरून ज्याचं छत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिसतं ते. सोलापूर-नगरकडच्या माळरानांना यात भोपळा. लांडगा तिथेच राहतो, आता जवळपास दिसेनासा झालेला माळढोक पक्षी तिथलाच, धनगरांची मेंढरं तिथेच चरतात. गवताळ परिसंस्थेचा जाणकार सोबत नसेल, तर अर्थतज्ज्ञ तो शून्य तसाच पुढच्या रकान्यात नेतो. त्याचा दोष नाही, त्याला तो दिसतच नाही.

खाली गावपातळीवर तर जास्तच घोळ. या आयोगाच्या ग्रामीण निधीतला ८० टक्के वाटा आपल्याकडे ग्रामपंचायतीला, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला १०-१० होता. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले. निवडून आलेली संस्था नसली की हप्ता अडकतो. नुसते आकडे पाहणारा लिहिणार, 'खर्चाची क्षमता कमी'. खरं कारण कायद्यात आहे, ते वकील किंवा राज्यशास्त्रवाला पाच मिनिटांत सांगतो.

म्हणून या निधीचा अभ्यास वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी एकत्र करायचा असेल, तर पहिल्या बैठकीत सिद्धांत नको, रकाने ठरवा. आकडा अर्थसंकल्पीय अंदाजाचा (वर्षाच्या सुरुवातीचा), सुधारित अंदाजाचा (वर्ष सरताना बदललेला) की प्रत्यक्ष खर्चाचा? तीन वर्षांचे तीन प्रकार एका आलेखात आले की तो आलेख फेकून द्यावा. मार्चअखेर आलेला हप्ता खर्ची पडतो पुढच्या वर्षी, हे लेखापरीक्षकाला विचारा. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्यामुळे २०११ च्या जनगणनेत ती गावं ठाण्यात सापडतात; दरडोई निधी काढण्याआधी गावांचे कोड जुळवून घ्या. गट ग्रामपंचायतीत तर तीन-चार महसुली गावं आणि पैशाचा हिशोब एकच.

आणि ग्रामसेवकाला प्रश्नावली छापायच्या आधी बोलवा. पंधराव्या आयोगाच्या निधीतल्या, फक्त पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चता येणाऱ्या ६० टक्क्यांतून गटार खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली दाखवलं गेलं, हे त्यालाच माहीत असतं.