जुनी सॅम्पल लायब्ररी टाकून देण्याआधी

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला नाशिकमधल्याच चार जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं: दहा वर्षांपेक्षा जुन्या सॅम्पल लायब्ररीवर, म्हणजे खऱ्या वाद्यांचे सूर एकेक करून रेकॉर्ड केलेल्या आणि कीबोर्डवरून वाजवायच्या संचावर, सिनेमाचं पार्श्वसंगीत आता होऊच शकत नाही. आवाज हलक्या दर्जाचा, नव्या कम्प्युटरवर चालत नाही, वाजवणं खोटं वाटतं आणि दिग्दर्शकाला ते लगेच कळतं. तेव्हा कर्ज काढा, पण नवीन घ्या. चौघांपैकी एक मुलगा सिडकोत राहतो, शॉर्ट फिल्मना संगीत देतो. तो खरोखरच हप्त्यांवर लायब्ररी घ्यायला निघाला होता, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी दर्जाचं बघू. "१६ बिटचा आवाज थिएटरात उघडा पडतो," असं त्यात लिहिलंय. बिट म्हणजे आवाज किती बारकाईने नोंदवला त्याचं माप. १६ बिटमध्ये सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. मोठ्या हॉलमध्ये वादक बसलेले असताना खुर्च्यांची कुरकुर, श्वास, तारेवर गजाचं घासणं, हे सगळं त्या पल्ल्याच्या तळापेक्षा बरंच वर असतं. त्यामुळे कानाला खटकतं ते दुसरंच काहीतरी. शिवाय सगळं जुनं १६ बिटचं होतं हेही खरं नाही. ईस्टवेस्ट कंपनीची सिंफोनिक ऑर्केस्ट्रा ही लायब्ररी २००३ साली आली. तिची प्लॅटिनम आवृत्ती २४ बिटची होती आणि तिच्यात जवळचा, मंचावरचा आणि हॉलमधला असे तीन माइक वेगवेगळे मिळायचे. त्याआधी १९९०च्या दशकात जॅझ बासवादक मिरोस्लाव्ह व्हिटूस यांनी लायब्ररीसाठी प्रागच्या ड्वोर्झाक हॉलमध्ये वाद्यवृंद रेकॉर्ड केला होता. त्या वादकांचा हात आणि त्या हॉलची गुंज आजही त्या फायलींत तशीच आहे.

नव्या कम्प्युटरवर चालत नाही, हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. अशा लायब्ररी वाजवणारं गिगास्टुडिओ हे सॉफ्टवेअर, म्हणजे प्लेअर, २००८ साली बंद झालं. २०१९च्या मॅकओएस कॅटलिनापासून जुनी ३२ बिटची प्लगिन (संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची छोटी सॉफ्टवेअर; हे बिट आवाजाचे नव्हेत) मॅकवर उघडत नाहीत. ज्यांची अख्खी लायब्ररी अशा एखाद्या प्लेअरमध्ये अडकली, त्यांचं नुकसान झालंच. पण बंद पडला तो प्लेअर. आवाज वेव्ह या साध्या ऑडिओ फायलींत असतील तर ते कुठल्याही सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे सूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भरता येतात. काम किचकट आहे. माझ्या जुन्या लायब्ररीतल्या चेलोचा (व्हायोलिनसारखंच, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य) एकेक सूर कीबोर्डच्या ज्याच्या त्याच्या पट्टीवर बसवण्यात दोन रविवार गेले. ज्या फायली बाहेर काढता येत नाहीत त्यांच्यासाठी एक जुना कम्प्युटर मी इंटरनेटला न जोडता बाजूला ठेवलाय. त्यावर वाजवतो आणि ऑडिओ करून घेतो.

आता "वाजवणं खोटं". इथे थोडं थांबायला हवं, कारण तक्रारीत तथ्य आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधला जो सांधा असतो, तो फार जुन्या लायब्ररींत रेकॉर्डच केलेला नसायचा. वाहती, गाण्यासारखी चाल त्यांच्यावर वाजवली की सूर सुटे सुटे पडतात. पण हा सांधा, म्हणजे लेगाटो, रेकॉर्ड करून देण्याचं काम व्हिएन्ना सिंफोनिक लायब्ररीने या शतकाच्या सुरुवातीलाच केलं. म्हणजे त्यालाही वीस वर्षं उलटली. आणि कोमल गंधारावरून षड्जावर उतरणारी आपली मींड? ती कालच्या पाश्चात्त्य लायब्ररीत नव्हती आणि आजच्या महागातल्या महाग लायब्ररीतही मला हवी तशी मिळालेली नाही.

मी पार्श्वसंगीत दिलेल्या एका फिल्ममधला प्रसंग सांगतो. दिंडोरीकडची द्राक्षबाग, रात्री गारपीट झालेली, सकाळी शेतकरी ओळीतून चालत जातो. मी तोच जुना चेलो घेतला. त्याचा सूर उशिरा उगवतो, म्हणून अख्खा ट्रॅक १२० मिलिसेकंद आधी ओढला. त्यात हळू वाजवलेला आणि जोरकस वाजवलेला असे रेकॉर्डिंगचे दोनच थर आहेत, आणि मॉड व्हीलने (कीबोर्डवरचं फिरवायचं चाक) एकातून दुसऱ्यात जाताना मध्येच वादक दुप्पट झाल्यासारखे वाटतात. त्या जागेपर्यंत व्हील नेलंच नाही, सगळा प्रसंग हळू थरावर ठेवला. सूर बदलताना गज उचलल्याएवढी फट सोडली. मग एका व्हायोलिनवादक मित्राच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून एकच ट्रॅक त्याच्याकडून वाजवून घेतला. कान त्या जिवंत व्हायोलिनला धरून राहतो आणि खालच्या चेलोचे सांधे शोधत बसत नाही. मींडही त्यानेच दिली.

दिग्दर्शकाला "लगेच कळतं", याचं उत्तर याच प्रसंगात मिळालं. त्याने एकच बदल सांगितला: शेतकरी खाली वाकतो तिथे सूर थांबव. लायब्ररी कुठली, किती सालची, हा विषयच निघाला नाही. माझ्या आजवरच्या कामात असंच होत आलंय. सूर कधी सुरू झाला, संवादावर चढला का, यावर बोलणी बसतात.

त्या मेसेजमध्ये तालवाद्यांच्या नव्या पॅकचीही शिफारस आहे. नाशिकमध्ये बसून हे वाचताना मला वाईट वाटलं. गणपतीच्या आधी संध्याकाळी पथकांचा सराव चालतो. रीतसर विचारून, मानधन देऊन तासभर रेकॉर्डिंग करता येतं. एका ढोलाच्या जवळ एक माइक, आणि वीस पावलं मागे दुसरा. टिपरू ढोलाच्या पानावर पडतानाचा कडक ठोका जवळच्या माइकात येतो, मागच्यात सगळ्या पथकाचा घुमणारा आवाज येतो. जुन्या लायब्ररीतल्या ब्रासखाली, म्हणजे फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांखाली, हा ढोल मी दोनदा वापरलाय.

सिडकोतल्या मुलाने हप्त्यांचा अर्ज अजून भरलेला नाही. शनिवारी तो त्याच्या जुन्या फायली आणि फिल्ममधले तीन प्रसंग घेऊन येतोय. लेगाटोवाचून खरंच अडत असेल, तर फक्त व्हायोलिनचा एक लहान संच घे, असं मीच त्याला सांगेन.