यादीसारखी दिसते, तर यादीसारखी वागू द्या

काल नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या जावास्क्रिप्टच्या (वेब पानं चालवणाऱ्या भाषेच्या) क्लासात एका विद्यार्थिनीने कळमन्याच्या बाजारात आलेल्या संत्र्याच्या गाड्यांचा तक्ता वेब पानावर बनवला. सहा गाड्या, सहा ओळी. सगळ्या पुसायला तिने गेटएलिमेंट्सबायक्लासनेम या आज्ञेने ओळी घेतल्या, आकड्यागणिक एकेका ओळीवर जाणारा साधा फॉर लूप फिरवला आणि आत ओळ काढून टाकणारं रिमूव्ह लिहिलं. तीन गेल्या, तीन राहिल्या.

"सर, एक आड एक ओळ कशी काय राहते जी?"

तिचं काही चुकलं नव्हतं. त्या आज्ञेने मिळणारा एचटीएमएलकलेक्शन, म्हणजे पानावरच्या घटकांचा संच, जिवंत असतो: पान बदललं की तोही लगेच बदलतो. पहिली ओळ काढली की दुसरी तिच्या जागी सरकते, आणि लूप तोवर पुढच्या आकड्यावर गेलेला असतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तो ॲरेसारखा, म्हणजे जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या यादीसारखा, चौकटी कंसात दिसतो, त्याला लेंथ (लांबी) आहे, पण प्रत्येक घटकापासून नवी यादी बनवणारा मॅप नाही, हवे ते निवडणारा फिल्टर नाही, एकेकावर काम करणारा फॉरईचसुद्धा नाही. क्वेरीसिलेक्टरऑल या दुसऱ्या आज्ञेने मिळणारी नोडलिस्ट जिवंत नसते, तिला फॉरईच आहे, पण मॅप तिलाही नाही. हे पोरांना पाठ करायला लावताना मला मनापासून वाईट वाटतं.

लोकलस्टोरेजचं, म्हणजे ब्राउझरमधल्या साठ्याचं, तर मनाला फार लागतं. लोकलस्टोरेज.भाव = 250 लिहिलं की दिसायला साधं ऑब्जेक्ट, पण आत आकडा नाही, अक्षरांची माळ जाते. मग 50 मिळवले की 25050! व्यापाऱ्याच्या बिलात हे घडलं तर?

घटकाची जागा आणि माप सांगणाऱ्या गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टचं उत्तर तीन टिंबांनी नव्या ऑब्जेक्टमध्ये पसरवून पाहा, हाती रिकामं ऑब्जेक्ट येतं, कारण रुंदी-उंची त्या ऑब्जेक्टवर नसून प्रोटोटाइपवरच्या, म्हणजे त्याच्या सामायिक साच्यावरच्या, गेटरमध्ये असतात. तेच जेसन या मजकुराच्या स्वरूपात टाकलं की सगळं नीट उमटतं.

या सगळ्याचं मूळ 1998 मध्ये आहे. डॉमचा, म्हणजे कोडला वेब पान हाताळू देणाऱ्या रचनेचा, पहिला आराखडा कोणत्याही एका भाषेसाठी नव्हता, जावालाही चालावा असा होता. तेव्हा ते बरोबरच होतं. पण आज पानावर राज्य जावास्क्रिप्टचं आहे.

जुनं मोडू नका, हे मला मान्य आहे. ॲरेला आतल्या याद्या सपाट करणारं 'फ्लॅटन' द्यायचं ठरलं तेव्हा नावाची टक्कर होऊन मूटूल्स या लायब्ररीवरच्या जुन्या साइट तुटू लागल्या, म्हणून 'फ्लॅट' हे नाव घ्यावं लागलं. पण नवं बनवताना तरी ॲरेच द्या, मॅपच द्या. जमतं ते. पानाला सजावटीचे नियम जोडणाऱ्या ॲडॉप्टेडस्टाइलशीट्समध्ये आधी अख्खी यादी नव्याने द्यावी लागायची, आता शेवटी भर घालणारं पुश सरळ चालतं.

पोरीने संचाची प्रत ॲरेमध्ये उतरवणारं ॲरे.फ्रॉम लावलं, सहाही ओळी गेल्या. वहीत मात्र तिने लिहून ठेवलंय: "हे का लावावं लागते?"